ओझोनची संगणकीय प्रतिमाने आणि तापमानाचा प्रश्न : एक ऐतिहासिक आढावा

इ.स. १९७४ मध्ये मारिओ मोलिना व शेरवूड रोलंड यांनी क्लोरोफ्ल्युओरोकार्बनांतून सुटणारे क्लोरीन स्थितांबरातील ओझोनचा नाश करील, असा इशारा दिला. हा नाश किती होईल हे ठरविण्याचे काम साहजिकच संगणकीय प्रतिमानांकडे आले. या प्रतिमानांत तापमानाला स्थान होते. मात्र ते मर्यादित होते. प्रत्येक उंचीसाठी सरासरी तापमान गृहीत धरून त्यावरून वायुरूप अभिक्रियांचे वेग काढले जात. ओझोनची मुख्य घट सुमारे ४० किलोमीटर उंचीवर अपेक्षित होती. त्याखालील अतिशीत ध्रुवीय हवेकडे फारसे कोणाचे लक्ष नव्हते.

प्रयोगशाळेत अभिक्रियांचे वेग नव्याने मोजले गेले, तसतसे अंदाजही हेलकावत राहिले. अमेरिकेतील राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या अहवालांत संभाव्य घट १९७६ मध्ये सुमारे ७ टक्के, १९७९ मध्ये १६ टक्क्यांहून अधिक, तर १९८४ मध्ये अवघी २ ते ४ टक्के होती. चिंता ओसरू लागली असतानाच, मे १९८५ मध्ये, जोसेफ फार्मन, ब्रायन गार्डिनर व जोनाथन शँकलिन यांनी अंटार्क्टिकावरील हॅले केंद्राच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. पूर्वी सुमारे ३०० डॉबसन एकके असणारी ऑक्टोबरची सरासरी १९८४ पर्यंत २०० च्या आसपास घसरली होती. एवढी घट कोणत्याही प्रतिमानाने वर्तविली नव्हती.

यात दोष आकडेमोडीचा नव्हता. तापमान केवळ अभिक्रियेचा वेग बदलत नाही, ते पदार्थाची अवस्थाही बदलते, ही गोष्ट समीकरणांबाहेर राहिली होती. सुमारे उणे ७८ अंश सेल्सिअसखाली नत्राम्ल व पाणी यांचे ध्रुवीय ढग बनतात. विशेष म्हणजे, हे ढग उपग्रहाच्या नोंदींत आधीच आलेले होते! १९८६ मध्ये सुसान सोलोमन व सहकाऱ्यांनी दाखविले की, या ढगांतील कणांच्या पृष्ठभागावर हायड्रोजन क्लोराइड व क्लोरीन नायट्रेट ही निरुपद्रवी संयुगे परस्परांशी अभिक्रिया करून क्लोरीन मुक्त करतात. वसंतातील सूर्यप्रकाश पुढचे काम करतो. १९८७ मध्ये चिलीतील पुंता अरेनास येथून झालेल्या विमान-मोहिमेत क्लोरीन मोनॉक्साइड वाढते तेथेच ओझोन घटतो, असे प्रत्यक्ष आढळले.

तेव्हापासून दोन-तीन अंशांची चूकही प्रतिमानकारांना महाग पडू लागली. अक्षवृत्तावरील सरासरी उणे ७५ अंश असली, तरी तिच्या आत उणे ८० अंशांचे कप्पे दडलेले असू शकतात. सप्टेंबर २००२ मध्ये अंटार्क्टिकावरील स्थितांबर अचानक तापले आणि ओझोन विवर दुभंगले. उलट २०११ व २०२० च्या वसंतात आर्क्टिकवरील दीर्घ थंडीमुळे तेथेही मोठी घट झाली. वाढत्या कार्बन डायऑक्साइडमुळे स्थितांबर थंड होत आहे, आणि त्याचे परिणाम दुहेरी आहेत : वरच्या भागात ओझोननाशक अभिक्रिया मंदावून ओझोन वाढतो, तर ध्रुवीय भोवऱ्यात ढगांना अधिक वाव मिळतो. म्हणून आजच्या प्रतिमानांत तापमान आधी ठरवून दिले जात नाही; रसायन, किरणोत्सर्ग व वारे यांच्यासह तेही पायरीपायरीने मोजले जाते.