सम्राटाच्या वाड्यातले बिऱ्हाडकरू

'बँकेतल्या आठवणी सोडून काहीही लिहा,' असं स्मरणिका समितीने मला बजावलं आहे. म्हणून मागच्या वर्षीच्या प्रवासातल्या एका दिवसाबद्दल लिहितो. जर्मनीत मुलाकडे गेलो होतो, तिथून त्याने आम्हा दोघांना क्रोएशियातल्या स्प्लिट शहरात नेलं. ॲड्रिॲटिक म्हणजे भूमध्य समुद्राचाच एक फाटा, त्याच्या काठावरचं हे बंदर. सकाळी एका दगडी दरवाजातून आत शिरलो. मी पडके अवशेष बघायच्या तयारीत, तर हिने वर बोट दाखवलं. सतराशे वर्षांपूर्वीच्या भिंतीतल्या खिडकीबाहेर दोरीवर चादरी वाळत होत्या!

हा रोमन सम्राट डायोक्लेशियनचा वाडा. हा गृहस्थ इ.स. २८४ मध्ये गादीवर आला आणि ३०५ मध्ये आपणहून निवृत्त झाला. त्या काळात सम्राट बहुधा मारले जात, निवृत्त होत नसत. आपल्या जन्मभूमीजवळ, सलोना शहरापासून थोड्या अंतरावर, त्याने हा वाडा बांधून घेतला होता. साधारण २१५ बाय १८० मीटर, चार बाजूंना चार दरवाजे. त्यांना आज सोन्याचा, चांदीचा, लोखंडी आणि पितळी दरवाजा म्हणतात. आपला रौप्यमहोत्सव डोक्यात होता, म्हणून चांदीच्या दरवाजात आवर्जून फोटो काढला.

मला हा सम्राट आठवतो तो महागाईमुळे. (बँक सोडून लिहा म्हटलं तरी ती येतेच.) त्याच्या आधीच्या राजवटींत नाण्यातली चांदी कमी कमी होत गेली होती आणि भाव वाढत होते. म्हणून ३०१ साली त्याने हुकूम काढून हजाराहून जास्त वस्तूंचे आणि कामांचे कमाल दर ठरवले. न्हाव्याला माणशी २ दिनार, पंतोजींना दर मुलामागे महिन्याला ५० दिनार. जास्त घेईल त्याला देहदंड! त्या काळच्या एका ख्रिस्ती लेखकाने लिहून ठेवलंय की भीतीने माल बाजारातून गायब झाला आणि शेवटी हुकूम बारगळला.

निवृत्तीनंतर लोकांनी 'परत गादीवर या' म्हणून गळ घातली, तेव्हा 'मी लावलेले कोबी एकदा बघा, मग असं म्हणणार नाही,' अशा अर्थाचं उत्तर त्याने दिल्याचं सांगतात. आमचे एक साहेब रिटायर झाल्यावरही रोज शाखेत येऊन बसत. त्यांना कोणीतरी कोबीची रोपं द्यायला हवी होती.

चौकात त्याची अष्टकोनी समाधी आहे. तिचं पुढे चर्च झालं, तेही संत डोम्नियसच्या नावाने. डोम्नियस हा सलोनाचा बिशप, याच सम्राटाने ख्रिस्ती लोकांचा छळ मांडला त्यात मारला गेलेला. त्याची वेदी आज आत आहे, सम्राटाची शवपेटी मात्र नाही.

सातव्या शतकाच्या सुरुवातीला आवार आणि स्लाव टोळ्यांनी सलोनावर हल्ले केले. जीव वाचवून पळालेली माणसं या तटबंदीच्या आत येऊन राहिली. कमानींच्या पोटात घरं उठली, खांबांना विटांच्या भिंती टेकल्या, दालनांच्या खोल्या झाल्या. एकाही बदलाला कोणाची एनओसी नव्हती! घाण आणि कचरा जमिनीला भोकं पाडून खाली तळघरांत जाई. तळघरं भरत गेली, ती विसाव्या शतकात उपसली, तेव्हा आत अस्सल रोमन दालनं जशीच्या तशी निघाली. सम्राट राहायचा तो वरचा मजला बराचसा नाहीसा झालाय, पण तळघरं त्याच आराखड्याची असल्याने त्याची रचना कळते. म्हणजे जे टिकलं ते कचऱ्याखाली टिकलं.

दुपारी बसने सलोनाला गेलो. एके काळी प्रांताची राजधानी, मोठं शहर. आता गवत, पाये, प्रेक्षागाराची अर्धगोल खूण. तिथे कोणी राहिलं नाही, दगडसुद्धा लोकांनी दुसऱ्या बांधकामांना नेले. दोन्ही ठिकाणी त्याच काळचे रोमन दगड, पण एकीकडे फोडणीचा वास आणि दुसरीकडे रातकिडे.

संध्याकाळी मुक्कामाला वाड्यातच एक घर घेतलं होतं. मालकीणबाई चावी द्यायला आल्या. मुलाने विचारलं तेव्हा म्हणाल्या, शेजारची बिऱ्हाडं एकेक करून बाहेर गेली. घर पर्यटकांना दिलं की पैसे जास्त मिळतात. त्याही आता गावाबाहेरच्या इमारतीत राहतात, चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. ऐकून मी गप्प बसलो, कारण त्या दिवसाचे पर्यटक आम्हीच होतो.

त्या गेल्यावर हिने खिडकी उघडली. बाहेर त्यांची दोरी तशीच होती. हिने आमचे ओले टॉवेल तिच्यावर वाळत घातले.