सातखणी उरला, गाणं कुठे गेलं?



रेवदंड्याच्या किल्ल्यात, माडांच्या वाडीत, एक उंच पडका मनोरा आहे. आपण त्याला सातखणी म्हणतो. कित्येकींना तो टेहळणीचा बुरूज वाटतो. मलाही वाटायचा. खरा तो फ्रान्सिस्कन पंथाच्या चर्चचा मनोरा. पोर्तुगीजांनी १५२१ साली इथे ठाणं बांधायला घेतलं, आणि १७४० साली रेवदंडा-कोर्लई मराठ्यांकडे आलं. म्हणजे दोनशेहून जास्त वर्षं या वाडीत घंटा वाजत होती आणि प्रार्थना गायली जात होती.

त्या काळी पोर्तुगालच्या मोठ्या चर्चमध्ये जे गाणं गात, ते आपल्या भजनासारखं नव्हतं. भजनात बुवा ओळ सांगतात आणि मागचे तीच चाल उचलतात. इथे एक गळा सुरू होतो, तो जरा पुढे गेला की दुसरा तेच शब्द घेऊन येतो, मग तिसरा, मग चौथा. प्रत्येकाची वाट वेगळी, तरी कुणी कुणाच्या पायात येत नाही. जाळं विणताना धागे एकमेकांखालून-वरून जातात ना, तसं. शब्द लॅटिन. पुष्कळदा प्रत्येक गळ्याची वही वेगळी छापायचे, त्यामुळे अख्खं गाणं कुठल्याच एका वहीत नसायचं. सगळे आपापली वही घेऊन उभे राहिले तरच ते ऐकू यायचं.

हे गाणं रचणाऱ्यांत लिस्बनच्या मुख्य चर्चचा संगीतप्रमुख दुआर्त लोबो हे मोठं नाव. १६२१ आणि १६३९ साली त्याची पुस्तकं अँटवर्प शहरात छापली गेली. ती छापली म्हणून वाचली, असंच म्हणायचं. कारण १ नोव्हेंबर १७५५ रोजी लिस्बनला मोठा भूकंप झाला, आगी लागल्या, आणि राजा चौथा जुआंव याने जमवलेला संगीताचा प्रचंड ग्रंथसंग्रह जळून गेला. १६४९ साली छापलेली त्या संग्रहाची यादी मात्र उरली आहे. नुसती नावं! घर जळावं आणि वाणसामानाची चिठ्ठी तेवढी हातात राहावी, तसं.

आता बायकांचं. चर्चच्या या गायकवृंदात बाईला जागा नव्हती. वरचा बारीक सूर आवाज न फुटलेली मुलं गायची, नाहीतर पुरुषच गळा चढवून गायचे. बाई गायची ती मठात. जुन्या गोव्यात १६०६ साली सांता मोनिकाचा मठ सुरू झाला, तिथल्या जोगिणी प्रार्थना गात. पण त्यांना बाहेर पडायची मुभा नव्हती. बाहेरच्याला आवाज ऐकू येई, बाई दिसत नसे.

तीन-साडेतीनशे वर्षांनी हे बदललं. १९७३ साली ऑक्सफर्डमध्ये पीटर फिलिप्स यांनी टॅलिस स्कॉलर्स नावाचा वृंद सुरू केला. एकेका सुराला साधारण दोन-दोन गळे, आणि वरच्या सुराला बायका. १९९२ साली त्यांची लोबोच्या रचनांची ध्वनिमुद्रिका आली. त्यात मृतांसाठीची प्रार्थना आहे. ती मी मोबाइलवर ऐकली. शब्द एक कळला नाही, पण वरचा सूर बाईचा आहे हे पहिल्याच क्षणी कळलं. जाणकार म्हणतात, मूळ आवाज मुलांचा, मग बायका कशाला? मला तो हिशेब पटत नाही. कागदावर सूर लिहिला आहे, गळा कुणाचा हे लिहिलेलं नाही.

खाडीपलीकडे कोर्लईत मात्र उलट घडलं. पोर्तुगीज गेले, पण गावात त्यांच्या भाषेपासून झालेली एक बोली राहिली. गावातले ख्रिस्ती लोक तिला ‘नो लिंग’, म्हणजे आपली भाषा, म्हणतात. सत्ता गेल्यावर पावणेतीनशेच्या वर वर्षं ती कशावर टिकली? शाळा मराठी, बाजार मराठी. घरात आई लेकराशी जे बोलते, त्यावर.

आपल्या ओव्यांचंही तसंच. त्यांची वही कुणी छापली नव्हती. घाटावर मुळशी-मावळात आणि पुढे गावोगाव फिरून हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी बायकांच्या १ लाखाहून जास्त ओव्या जमवल्या आणि पुष्कळ ओव्यांचं ध्वनिमुद्रणही झालं. गिरणी आली तसं जातं कोपऱ्यात गेलं होतं. थोडा उशीर झाला असता, तर आपल्याकडे चिठ्ठीसुद्धा उरली नसती.

हे वाचल्यावर मी सासूबाईंसमोर मोबाइल धरला आणि ओवी म्हणा म्हटलं. त्यांना पहिली ओळही आठवेना. दोनदा सुरू करून थांबल्या. मग मी माळ्यावरून जातं उतरवलं, मूठभर तांदूळ घातले. खुंट्याला हात लागला, दोन फेरे झाले आणि सूर आपोआप आला. सतरा ओव्या झाल्या. मध्येच शेजारचा कोंबडा आरवला आहे, तोही तसाच ठेवला आहे.