हॉवरक्राफ्ट : लष्करी उपयोग

हवेच्या गादीवर तरंगत पाणी, चिखल, वाळू आणि सपाट जमीन यांवरून धावणारे वाहन. पंखे तळाखाली हवा कोंबतात. कडेने लावलेल्या लवचीक रबरी झालरीमुळे ती सहजी निसटत नाही आणि वाहन उचलले जाते. मागचे प्रोपेलर त्याला पुढे रेटतात, त्यांच्या मागची सुकाणूची पाती दिशा देतात. ख्रिस्तोफर कॉकरेल यांच्या कल्पनेवर बांधलेले ‘एसआर.एन1’ जून 1959 मध्ये इंग्लंडमधील काउझ येथे प्रथम लोकांसमोर धावले. व्हिएतनाम युद्धात अमेरिकेने 1966 पासून मेकाँगच्या दलदलीत सशस्त्र हॉवरक्राफ्ट उतरवली. पुढे अमेरिकी नौदलाच्या ‘एलसीएसी’ने रणगाडा जहाजातून थेट पुळणीवर नेऊन ठेवण्याची सोय केली, तर सोव्हिएत ‘झुबर’ हे या जातीतले सर्वांत मोठे वाहन ठरले.

या वाहनाचे खरे मोल तोफांत नाही, भरती-ओहोटीच्या मधल्या पट्ट्यात आहे. कोकणातल्या खाड्यांच्या मुखाशी ओहोटीला पाणी मागे हटले की रुंद चिखलपट्टी उघडी पडते. गस्ती नौकेचा तळ तिथे रुततो, जीप कमरेएवढ्या गाळात अडकते, माणूस पाऊल उपसत चालतो. हॉवरक्राफ्ट मात्र पाण्यावरून त्याच वेगात चिखलावर चढते आणि खाजणाच्या कडेपर्यंत पोचते. हा पट्टा मोकळा राहिल्याची किंमत महाराष्ट्राने मोजली आहे. 1993 च्या मुंबई बॉम्बस्फोटांतील स्फोटके रायगड जिल्ह्यात दिघी व शेखाडी येथे समुद्रमार्गे उतरवली गेली. 26 नोव्हेंबर 2008 रोजी मुंबईवर हल्ला करणारे दहा दहशतवादी रबरी होडीतून कफ परेडच्या मच्छिमार वस्तीजवळ उतरले. उथळ किनाऱ्यावर झटपट पोचणारे साधन हाताशी हवे, ही मागणी त्यातून अधिकच रास्त ठरते. अर्थात कोळीवाड्यातल्या जागत्या डोळ्यांची जागा कोणतेही यंत्र घेऊ शकत नाही.

भारतात हे काम मुख्यतः तटरक्षक दल करते. ब्रिटनच्या ग्रिफॉन कंपनीच्या आराखड्यावरील पहिली 6 हॉवरक्राफ्ट 2000 च्या सुमारास कोलकात्याच्या गार्डन रीच गोदीमार्फत दलात आली. मुंबई हल्ल्यानंतर, 2010 मध्ये त्याच कंपनीची आणखी 12 ‘8000टीडी’ हॉवरक्राफ्ट मागवण्यात आली. हे सुमारे 21 मीटर लांबीचे, डिझेल इंजिनांवर चालणारे वाहन 45 नॉटच्या आसपास वेग गाठू शकते. गस्त, संशयित होड्या अडवणे, शोध व बचाव ही त्याची नेहमीची कामे. पुढची पायरी गोव्यात पडली: 24 ऑक्टोबर 2024 रोजी संरक्षण मंत्रालयाने चौगुले आणि कंपनीशी तटरक्षक दलासाठी 6 हॉवरक्राफ्ट बांधण्याचा 387.44 कोटी रुपयांचा करार केला. 30 जुलै 2025 रोजी त्यांतल्या पहिल्याच्या बांधणीचा समारंभ गोव्यात झाला. मांडवी-झुआरीच्या मुलखातल्या गोदीत हे वाहन घडणे ही कोकण किनाऱ्याच्या दृष्टीने मोठी गोष्ट आहे; दुरुस्ती जवळ होत असेल तर वाहन धक्क्यावर पडून राहण्याचे दिवस कमी होतात.

मर्यादाही तितक्याच ठळक आहेत. पंख्यांचा गोंगाट दूरवरून ऐकू येतो, म्हणजे शत्रूवर लपून चाल करता येत नाही. पाण्याची पकड नसल्याने आडवा वारा वाहनाला बाजूला ढकलतो, आणि ब्रेक मारून जागीच थांबणे शक्य नसते. उंच लाटांत त्याचा निभाव लागत नाही. पावसाळी समुद्र म्हणूनच त्याला जड जातो. खडक आणि शिंपल्यांवर घासून झालर फाटते. तिचे तुकडे सुटे बदलता येतात, पण ते काम सारखे करावे लागते. शिवाय इंधन भरपूर लागते आणि चिलखत जवळजवळ नसते.

आतल्या मुलखातील पुरात ते आपोआप उपयोगी ठरेल असेही नाही. जुलै 2023 मध्ये यवतमाळ जिल्ह्यातील महागाव तालुक्यात आनंदनगर तांडा पाण्याने वेढला, तेव्हा अडकलेल्यांसाठी हवाई दलाची हेलिकॉप्टरे मागवण्यात आली. तिथल्या नाल्यांचे उभे काठ, शेताचे बांध, बाभळी आणि तारांची कुंपणे हॉवरक्राफ्टच्या झालरीला मानवणारी नाहीत, आणि किनाऱ्यावरून इतक्या आत ते वेळेत आणणेही अवघड. अशा ठिकाणी होड्या व हेलिकॉप्टर हाच व्यवहार्य मार्ग आहे.