नवजात शिशूच्या संगोपनाच्या नोंदी

नवजात शिशूच्या संगोपनाच्या नोंदी : जन्मापासून २८ दिवसांपर्यंतच्या मुलास वैद्यकाच्या परिभाषेत नवजात शिशू म्हणतात. त्याचे दूध पिणे, झोप, मलमूत्रविसर्जन, वजन, तापमान, औषधे व लसी यांची रोजच्या रोज केलेली लेखी नोंद म्हणजे संगोपनाची नोंद होय. ही नोंद प्रथम राजवैद्याच्या रोजनिशीत, नंतर विद्वान पित्यांच्या टिपणवह्यांत, पुढे दवाखान्यांतील तक्त्यांत आणि आईजवळच्या पुस्तिकेत होत गेली. एकविसाव्या शतकात ती भ्रमणध्वनीवरील ॲपमध्ये होऊ लागली. साधने बदलली, तरी दोन प्रश्न प्रत्येक काळात कायम राहिले : नोंद वाचणार कोण आणि ती वाचून कृती करणार कोण? नोंदीची उपयुक्तता साधनापेक्षा या प्रश्नांच्या उत्तरांवरच अधिक अवलंबून राहिली, असे तिच्या इतिहासावरून दिसते.

नोंदीची गरज : नवजात शिशूच्या ठिकाणी आजाराची लक्षणे अस्पष्ट असतात. जंतुसंसर्ग झाल्यास मोठ्या माणसाला बहुधा ताप येतो. शिशूचे अंग उलट थंडही पडू शकते. दूध ओढण्याचा जोर कमी होणे, सुस्ती येणे, श्वासाची गती मिनिटास ६० किंवा त्याहून अधिक होणे यांसारखे बदल कालच्या स्थितीशी तुलना केल्यावरच नीट लक्षात येतात. स्तनपानात किती दूध पोटात गेले हे डोळ्यांनी मोजता येत नाही. त्यामुळे ते अप्रत्यक्ष खुणांवरून ताडावे लागते. अंगावर पिणारे निरोगी मूल चोवीस तासांत साधारणतः ८ ते १२ वेळा पिते. पाचव्या दिवसानंतर ते दिवसातून सहा किंवा अधिक वेळा लघवी करते. पहिल्या काही दिवसांत त्याचे वजन ७ ते १० टक्क्यांपर्यंत घटू शकते व सु. दोन आठवड्यांत ते पूर्ववत होते. या आकड्यांत मोठी तफावत पडल्यास वेळीच सावध होता येते. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार २०२२ साली जगात सु. २३ लाख बालके जन्मानंतरच्या पहिल्या महिन्यात दगावली. पाच वर्षांखालील एकूण बालमृत्यूंपैकी जवळजवळ निम्मे मृत्यू या एका महिन्यातील होते. नोंदीच्या प्रश्नाचे गांभीर्य यावरून कळून येते.

आरंभीच्या नोंदी : एका मुलाच्या दैनंदिन संगोपनाची अतिशय तपशीलवार अशी जुनी नोंद फ्रान्सच्या राजघराण्यातील आहे. तेराव्या लूईचा (१६०१–४३) वैद्य झां एरोआर याने राजपुत्राच्या जन्मापासून १६२८ मध्ये स्वतःच्या मृत्यूपर्यंत रोजनिशी ठेवली. तीत राजपुत्राचे खाणे, झोप, शौच, नाडी व वागणूक यांचा तपशील आढळतो. अठराव्या शतकात अशा नोंदींमागे शास्त्रीय जिज्ञासा आली. जर्मन तत्त्वज्ञ डीट्रिख टीडेमान याने आपल्या मुलाची निरीक्षणे १७८७ मध्ये प्रसिद्ध केली. चार्ल्स डार्विननेही डिसेंबर १८३९ मध्ये जन्मलेल्या आपल्या पहिल्या मुलाविषयी टिपणे ठेवली होती. त्यांवर आधारित लेख त्याने १८७७ मध्ये माइंड या नियतकालिकात प्रकाशित केला. या नोंदींमुळे बालमानसशास्त्राचा पाया घातला गेला. परंतु त्या मुलाच्या संगोपनासाठी नव्हत्या. मुलाला पाजणे व सांभाळणे हे काम स्त्रियांकडे असे, तर लिहिण्याचे काम पुरुषांकडे.

भारतात कौमारभृत्य हे आयुर्वेदाचे स्वतंत्र अंग होते आणि काश्यपसंहिता  हा त्यावरील प्रमुख ग्रंथ होय. मात्र घरातील रोजच्या संगोपनाचा आधार लेखी नोंद हा नसून स्मरण व अनुभव हा होता. महाराष्ट्रातील पांढरपेशा घरांत जन्मवेळ पत्रिकेसाठी घटिका-पळांसह टिपून ठेवीत. मुलाने किती वेळा दूध घेतले, शी कोणत्या रंगाची झाली, अंग कोमट आहे की गार, हे मात्र सुईण, आजी आणि बाळंतिणीजवळची जाणती स्त्री यांच्या ध्यानात राही. या पद्धतीत निरीक्षण करणारी व उपाय करणारी व्यक्ती एकच असे, हे तिचे बळ. तिचे ज्ञान तिच्याबरोबरच संपे आणि चुकीचे उपचारही त्याच वाटेने पुढच्या पिढीकडे जात, ही तिची उणीव होती.

दवाखाने व वेळापत्रके : एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस यूरोपातील शहरांत अर्भकमृत्यूंचे प्रमाण फार मोठे होते. उन्हाळ्यात दूषित दुधामुळे होणारे अतिसार हे त्याचे एक मुख्य कारण होते. फ्रेंच प्रसूतितज्ञ प्येर ब्यूदँ (१८४६–१९०७) यांनी १८९२ मध्ये पॅरिसच्या शारिते रुग्णालयात अर्भक-सल्लाकेंद्र सुरू केले. तेथे बाळंत झालेल्या स्त्रिया मुलांना ठराविक दिवशी आणीत, मुलांचे वजन करून ते लिहून ठेवले जाई आणि त्यावरून आईला सल्ला मिळे. ल्येआँ द्यूफूर यांनी १८९४ मध्ये फेकां येथे काढलेल्या दूधकेंद्रात निर्जंतुक दुधाच्या वाटपाबरोबर मुलांच्या वजनाचीही तपासणी होई. येथे नोंद प्रथमच सामान्य घरातील मुलाच्या उपयोगी पडली. वजन घटलेले दिसताच उपाय योजणारी व्यक्ती त्याच खोलीत हजर असे.

याच सुमारास नोंदीला वेळापत्रकाचे रूप येऊ लागले. एमेट होल्ट यांचे मुलांच्या संगोपनावरील प्रश्नोत्तररूप पुस्तक १८९४ मध्ये न्यूयॉर्क येथे निघाले; त्यात पाजण्याच्या वेळा वयानुसार आखून दिल्या होत्या. न्यूझीलंडमध्ये ट्रुबी किंग (१८५८–१९३८) यांच्या प्रेरणेने १९०७ मध्ये डनीडन येथे संस्था स्थापन झाली व ती पुढे प्लंकेट सोसायटी या नावाने प्रसिद्धीस आली. तिच्या परिचारिका घरोघर जात, वजने घेत आणि आईजवळच्या वहीत नोंदी करीत. किंग यांचा दर चार तासांनी पाजण्याचा व रात्री न पाजण्याचा दंडक मात्र पुढे टिकला नाही. घड्याळाप्रमाणे पाजल्याने स्तनांतील दूध कमी होऊ शकते, हे पुढे ध्यानात आले. बेंजामिन स्पॉक यांच्या १९४६ मधील पुस्तकाने आईला स्वतःच्या जाणिवेवर भरवसा ठेवण्यास सांगितले. आज जागतिक आरोग्य संघटना मूल मागेल तेव्हा पाजावे असाच सल्ला देते. जे घडले ते टिपण्यासाठी असलेला तक्ता काय घडावे हे ठरवू लागला की मुलाऐवजी तक्त्याची सेवा होऊ लागते, हा या कालखंडाचा धडा होय.

आईजवळची पुस्तिका : नोंद दवाखान्याच्या कपाटात न राहता कुटुंबाजवळ असावी, हा विचार विसाव्या शतकाच्या मध्यास रुजला. जपानमध्ये १९४२ साली गर्भवतींसाठी पुस्तिका देण्यात आली. तिचे १९४८ मध्ये माता-बाल पुस्तिकेत रूपांतर झाले. गरोदरपण, प्रसूती, मुलाची वाढ व लसीकरण यांची माहिती तीत एकत्र असते. पश्चिम नायजेरियातील इमेसी-इले या गावी ब्रिटिश बालरोगतज्ञ डेव्हिड मॉर्ली (१९२३–२००९) यांनी वाढीचा सोपा आलेख तयार केला. तो प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून आईच्या स्वाधीन केला जाई. वजनाची रेषा वर चढते आहे की सपाट झाली आहे, एवढे पाहिले तरी निरक्षर आईलाही मुलाची प्रगती समजे. या आलेखाचा पुढे अनेक देशांत प्रसार झाला. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान व अमेरिका या सहा देशांतील मुलांच्या अभ्यासावरून वाढीची नवी प्रमाणके प्रसिद्ध केली.

भारत व महाराष्ट्र : भारतात २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेमुळे अंगणवाडीत मुलांची वजने घेऊन आलेख भरण्याची पद्धत रूढ झाली. नवजात शिशूच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे कार्य गडचिरोली जिल्ह्यात झाले. डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये स्थापन केलेल्या ‘सर्च’ या संस्थेने ३९ गावांत घरोघरी नवजात बालसेवेचा प्रयोग केला. गावातीलच थोडेफार शिकलेल्या स्त्रियांना प्रशिक्षण देण्यात आले. त्या ठरलेल्या दिवशी घरी जाऊन शिशूचे वजन, तापमान, श्वास आणि दूध पिणे तपासून लिहून ठेवीत आणि जंतुदोषाचा संशय आल्यास प्रतिजैविकाचे उपचारही करीत. या प्रयोगाचे निष्कर्ष १९९९ मध्ये लॅन्सेट या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. ज्या गावांत ही सेवा नव्हती त्यांच्याशी तुलना करता नवजात मृत्यूंच्या प्रमाणात सु. ६२ टक्के घट झाल्याचे त्यांत दिसून आले. कार्यकर्तीला सहज ओळखता येतील अशी जंतुदोषाची लक्षणेही पुढे याच नोंदींच्या विश्लेषणातून निश्चित करण्यात आली. भारत सरकारने २०११ मध्ये ‘आशा’ कार्यकर्त्यांमार्फत अशी गृहभेटींची योजना देशभर स्वीकारली. रुग्णालयात जन्मलेल्या मुलासाठी ३, ७, १४, २१, २८ व ४२ या दिवशी भेटी ठरविण्यात आल्या. घरी जन्मलेल्या मुलास पहिल्या दिवशी आणखी एक भेट देण्यात येते. गडचिरोलीतील यशाचे मर्म केवळ कागदात नव्हते. लिहिणाऱ्या हातालाच तपासण्याचे व उपचाराचे प्रशिक्षण मिळाले होते.

भ्रमणध्वनीवरील ॲप : ॲपलने जुलै २००८ मध्ये आपल्या आयफोनसाठी ॲपचे दालन उघडले, त्याच वर्षी अँड्रॉइड भ्रमणध्वनींसाठीही तशी सोय झाली. त्यानंतर नवजात शिशूच्या नोंदी ठेवणारी अनेक ॲप निघाली. पाजण्यास प्रारंभ केल्याची व थांबल्याची वेळ, कोणत्या बाजूला पाजले, बाटलीतील दूध किती मिलि., लंगोट ओला की मळलेला, झोप, औषध इत्यादी बाबी त्यांत बोटाच्या स्पर्शाने टिपता येतात. ॲप त्यांवरून दिवसाची बेरीज व आठवड्याचा आलेख काढून देते. एकच नोंद आई, वडील व आजी यांच्या भ्रमणध्वनींवर एकाच वेळी दिसू शकते; त्यामुळे रात्री उठणाऱ्यास आधीचे पाजणे केव्हा झाले हे विचारावे लागत नाही आणि औषधाची मात्रा दोनदा दिली जाण्याचा धोका कमी होतो. एकत्र कुटुंबात घरातल्या जाणत्या स्त्रीच्या ध्यानात असणारी माहिती विभक्त कुटुंबात या यंत्राकडे आली, असे म्हणता येईल. अपुऱ्या दिवसांच्या, कमी वजनाच्या किंवा कावीळ झालेल्या मुलाच्या बाबतीत बालरोगतज्ञास अशी नोंद विशेष उपयोगी पडते.

मर्यादा : ॲप वेळ व संख्या टिपते; मुलाची हालचाल, रडण्याचा सूर वा तळव्यांवरील पिवळेपणा त्यास आपोआप कळत नाही. काही ॲप पुढच्या झोपेची वेळ वर्तवितात. अशा वेळी जुन्या वेळापत्रकाचाच दोष नव्या रूपाने परत येण्याचा संभव असतो आणि सरासरीपेक्षा थोडा फरक दिसला तरी थकलेल्या आईची चिंता वाढते. शिशूच्या पायात घालावयाचे नाडी व ऑक्सिजन मोजणारे मोजेही बाजारात आले. परंतु अमेरिकेच्या बालरोगतज्ञांच्या अकादमीने आकस्मिक अर्भकमृत्यू टाळण्याचा उपाय म्हणून अशा घरगुती उपकरणांवर विसंबू नये, असे सांगितले आहे.

नोंदीच्या मालकीचा प्रश्नही नव्याने उभा राहिला. वही घरात राही. ॲपमधील माहिती बहुधा कंपनीच्या संगणकावर साठविली जाते. ज्या मुलाची ती असते त्याला संमती देण्याचे वय नसते. भारताच्या २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियमात अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती आवश्यक मानली आहे. शासकीय पातळीवर १ मार्च २०२१ रोजी ‘पोषण ट्रॅकर’ हे ॲप अंगणवाड्यांसाठी सुरू झाले. त्याच वर्षी महाराष्ट्रातील अनेक अंगणवाडी सेविकांनी शासनाने दिलेले भ्रमणध्वनी परत केले. नादुरुस्त संच आणि इंग्रजीत माहिती भरण्याची सक्ती या त्यांच्या प्रमुख तक्रारी होत्या. नोंद करणारीच्या भाषेत नसलेली नोंद वरच्या कार्यालयाच्या उपयोगी पडली, तरी तिच्या स्वतःच्या कामास ती मार्गदर्शक ठरत नाही.

पहिल्या काही आठवड्यांत, वजन नियमित वाढू लागेपर्यंत, दूध व लघवी-शौच यांची साधी नोंद ठेवणे हितावह असते. ती वहीत ठेवावी की ॲपमध्ये, हा सोयीचा प्रश्न आहे. मुलाने दूध सोडले, ते सुस्त झाले, त्याचे अंग गार किंवा गरम लागले अथवा श्वासाबरोबर छाती आत ओढली जाऊ लागली, तर आलेख पुरा होण्याची वाट न पाहता त्यास तत्काळ डॉक्टरांकडे न्यावे लागते.