आजीचे जाते कुठे गेले?

वाचकहो, मोडनिंबच्या स्टेशनावरून पंढरपूरला तुम्ही कधी ना कधी गेला असाल. विठोबाचे दर्शन आटोपले, की आपल्याकडच्या बायका पुढे गोपाळपूरला जातात. तिथे संत जनाबाईचा संसार दाखवतात. तिचे म्हणून एक जाते आहे. बाया त्याच्या खुंट्याला हात लावतात, आणि त्यांना आपल्या आजीची आठवण येते.

आता मनाशीच विचारा बरं, त्या आजीचे जाते कुठे आहे? गावात पिठाची गिरणी आली तसे ते आधी पडवीत गेले, मग परसात गेले, आणि शेवटी कुठे तरी पायरीचा दगड होऊन बसले. गिरणी आली हे चांगलेच झाले. पहाटेचे दळण बायकांच्या अंगावरून उतरले. पण जात्याबरोबर ओवीही मुकी झाली. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी खेडोपाडी हिंडून गाणारणीच्या नावा-गावासकट ओव्या टिपून घेतल्या. त्यांची संख्या एक लाखाहून अधिक भरली! त्यांनी विचारले नसते, तर हे धन कुणाच्या लक्षात आले असते?

राजांचा इतिहास दप्तरांत राहतो. बाईचा इतिहास वस्तूंत आणि आठवणीत राहतो, म्हणून तो लवकर नाहीसा होतो. १९७२ चा दुष्काळच घ्या. सोलापूर जिल्ह्याने तो चांगलाच भोगला. आपल्या आयाबायांनी रस्त्यांवर खडी फोडली, तलावांची माती वाहिली, मिलोच्या भाकरी खाल्ल्या. १९७७ साली विधिमंडळाने रोजगार हमीचा कायदा केला, त्यामागे अशा हातांचे कष्ट आहेत. तेव्हा वीस वर्षांची असलेली बाई आज सत्तरीच्या पुढे गेली आहे. तिचा हातोडा कुठे आहे? ‘त्यात काय ठेवायचं?’ असे कदाचित तीच आपल्याला म्हणेल. म्हणूनच ठेवायचे.

कुणी म्हणेल, आठ मार्चला प्रदर्शन भरतेच की! भरते; पण दुसऱ्या दिवशी मांडव सुटतो आणि वस्तू ज्याच्या त्याच्या घरी परत जातात. पुण्यात दिनकर केळकरांनी दिवे, अडकित्ते, फण्या, स्वयंपाकघरातली भांडी आयुष्यभर गोळा केली आणि अकाली गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने संग्रहालय उभे केले. त्यांचे आपल्यावर मोठे ऋण आहे. पण खडी फोडणारीच्या हातोड्याला नक्षी नसते. तो कुणाचा, कोणत्या कामावरचा, हे लिहून ठेवले तरच त्याला मोल.

उशीर केला की काय होते, तेही पाहा. १८४८ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्याच्या भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली. तो वाडा मोडकळीस आला, आणि डिसेंबर २०२३ मध्ये स्मारकासाठी जागा मोकळी करताना पाडावा लागला. स्मारक बांधता येते. पण त्या मुली ज्या उंबऱ्यावरून आत गेल्या, तो काही पुन्हा घडवता येत नाही. जर्मनीत बॉन शहरात १९८१ सालीच स्त्रियांचे संग्रहालय उघडले. अमेरिकेच्या काँग्रेसनेही २०२० साली अशा राष्ट्रीय संग्रहालयाला मंजुरी दिली. मग ओव्यांच्या या मुलखाने मागे का राहावे?

आपल्या जिल्ह्यातही स्त्रियांच्या इतिहासाचे कायमचे संग्रहालय हवे. मोडनिंब त्याला सोयीचे आहे. पुणे-सोलापूर हमरस्ता इथून जातो आणि पंढरीची रेल्वेही. प्रारंभी मोठी इमारत नको. पक्क्या भिंतींची एक खोली, एक नोंदवही आणि पगारी माणूस एवढे पुरे. मात्र ते मंडळाच्या हौसेवर चालू नये. जिल्हा परिषदेच्या अंदाजपत्रकात दरसाल त्याची तरतूद हवी, म्हणजे हौस सरली तरी दार उघडे राहील.

तोवर एक काम तुमच्या हाती आहे. आज संध्याकाळी घरातल्या वडीलधाऱ्या बाईपाशी बसा. तिचे माहेरचे नाव, गाव, तिने केलेली कामे, गायलेली ओवी, सारे वहीत उतरवा. आणि परसातला तो दगड जरा उलटा करून बघा. मधोमध भोक आणि अंगावर टाकीचे घाव दिसले, तर तो धुऊन घरात आणा, आणि ते जाते कुणाचे होते ते वहीत लिहा.