समलैंगिकतेवर उपचार असतो का?

मुलगा किंवा मुलगी समलिंगी आहे हे कळले की अनेक पालक आधी डॉक्टरांना गाठतात. औषध कोणते, हा पहिला प्रश्न. औषध नाही, कारण हा आजारच नाही.

हा गैरसमज आम्हा डॉक्टरांच्या शास्त्रानेच पोसला. विजेचे झटके, उलटीची औषधे असले प्रकार 'उपचार' म्हणून चालत. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने १९७३ मध्ये समलैंगिकता विकारांच्या यादीतून काढली, जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्ये. आपल्याकडे इंग्रजांच्या काळातले कलम ३७७ होते. प्रौढांचे संमतीचे संबंध सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी त्यातून वगळले. २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने 'बदलण्याची थेरपी' हे व्यावसायिक गैरवर्तन ठरवले.

तरीही कोणी हार्मोनची इंजेक्शने किंवा 'कोर्स' सुचवला तर स्पष्ट नकार द्या. डॉक्टर असेल तर राज्य वैद्यकीय परिषदेकडे तक्रार करता येते. 'लग्न लावून द्या, सुधारेल' हा सल्ला (बहुधा घरातूनच येतो) दोन आयुष्ये नासवतो.

मूल झोपत-जेवत नसेल, जगणे नकोसे झाल्याचे बोलत असेल, तर मात्र मानसोपचारतज्ज्ञाकडे लगेच न्या. उपचार नैराश्यावर करायचे असतात. टेली-मानसच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीतही बोलता येते.