न बोलणाऱ्या अर्भकाची स्मृती कशी मोजतात?

अर्भकाला प्रश्न विचारता येत नाही. तरीही तीन महिन्यांचे मूल काय शिकले आणि ते किती दिवस त्याच्या लक्षात राहिले, हे मोजता येते. त्यासाठी मानसशास्त्र अभिसंधानाचा आधार घेते. दोन घटना वारंवार जोडीने घडल्या, किंवा एखाद्या कृतीला तत्काळ फळ मिळाले, की वर्तन बदलते. तो बदल हीच शिकल्याची खूण.

अभिजात अभिसंधानात एक सूर ऐकवून लगेच डोळ्यावर हवेची हलकी फुंकर सोडतात. काही आवर्तनांनंतर मूल नुसत्या सुरानेच पापणी मिटते. झोपलेली नवजात बालकेही असे शिकतात, हे २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी संशोधनात दिसून आले.

साधक अभिसंधानाची कसोटी अधिक बोलकी आहे. कॅरोलिन रोव्ही-कोलियर यांनी ती १९६९ मध्ये मांडली आणि तिचे साधन आपल्या घरातल्या चिमणाळ्यासारखेच होते. पाळण्यावर टांगलेल्या खेळण्याची फीत मुलाच्या घोट्याला बांधतात. पाय झाडला की खेळणे हलते. प्रथम तीन मिनिटे फीत खेळण्याला न जोडता मूल सहज किती वेळा पाय झाडते ते मोजतात, मग ती जोडतात. पाय झाडण्याचे प्रमाण मूळच्या दीडपट झाले, तर मूल शिकले असे मानतात. काही दिवसांनी तेच खेळणे फीत न जोडता दाखवतात. मूल पुन्हा जोमाने पाय झाडू लागले, तर ते विसरलेले नाही. ही आठवण तीन महिन्यांच्या मुलात सुमारे आठवडाभर, तर सहा महिन्यांच्या मुलात दोन आठवडे टिकते. विसरलेल्या मुलाला हलते खेळणे क्षणभर दाखवले, तरी दुसऱ्या दिवशी आठवण परतते. म्हणजे स्मृती पुसली गेलेली नसते, तिच्यापर्यंतची वाट तेवढी बंद झालेली असते.

मज्जासंस्थेवर परिणाम करणारी द्रव्ये लहान वयातच शरीरात जाण्याची शक्यता असते, तिथे अशा मोजमापाला महत्त्व येते. मध्य प्रदेशातील बालाघाटजवळच्या भरवेली येथे मॉईल कंपनीची मँगनीजची खोल भूमिगत खाण आहे. मँगनीज शरीराला अल्प प्रमाणात आवश्यक, पण अतिरेक झाल्यास मेंदूला घातक. अर्भके ते प्रौढांपेक्षा अधिक शोषतात आणि कमी बाहेर टाकतात. जमिनीत खनिज आहे म्हणून तिथल्या मुलांना बाधा झाली, असा निष्कर्ष मात्र काढता येत नाही. तो मोजूनच काढावा लागतो.

भारतात प्रमिला फाटक यांनी बडोद्यात विकसित केलेली विकासमापन श्रेणी जन्मापासून तीस महिन्यांपर्यंतच्या मुलांसाठी वापरतात. ती मूल काय करू शकते हे नोंदवते. ते नवे किती लवकर शिकते, हे अभिसंधान दाखवते. मात्र भुकेले वा पेंगुळलेले मूल कोणत्याच कसोटीला उतरत नाही. म्हणून अभिसंधानाची चाचणी मुलांच्या गटांची तुलना करण्यास योग्य ठरते, एकाच मुलाचे निदान करण्यास नव्हे. घरी फीत बांधून हा प्रयोग करू नये. ती गळ्याभोवती अडकण्याचा धोका असतो.

खाणपट्ट्यातील पालकांना पाणी मात्र तपासून घेता येते. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात दर लिटरला ०.१ मिलिग्रॅम मँगनीज स्वीकार्य आहे. दुसरा स्रोत नसल्यास ०.३ पर्यंत मुभा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये ०.०८ ही तात्पुरती मर्यादा ठरवली, ती पाण्यात कालवलेले भुकटीचे दूध बाटलीने पिणाऱ्या अर्भकांना समोर ठेवून.